नदीच्या वळणावरचा उतार

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इतिहास विभागाच्या प्रमुखांनी चालू असलेली तोंडी परीक्षा थांबवली. परीक्षा देणारी विद्यार्थिनी तेव्हा उभीच होती. तिच्या मागच्या भिंतीवर शाळांत असतो तसला मोठा कापडी नकाशा टांगला होता आणि तिचं बोट त्यातल्या मोठ्या नदीच्या वळणावर होतं. थांबवण्याआधीचं तिचं शेवटचं वाक्य असं होतं: "इथे उतार कधी नव्हताच. तो माझ्या आजोबांनी काढलाय."

उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. नकाशात ती दाखवायला नदीच्या निळ्या रेषेवर दोन छोट्या काळ्या रेघा आडव्या मारतात. या वळणावरच्या दोन रेघा देशातल्या जवळजवळ प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहेत आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ते वळण लोकांना ठाऊक आहे ते वेगळ्या कारणाने.

साम्राज्याविरुद्धच्या लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात क्रांतिकारकांची एक तुकडी पहाटे त्या वळणावर नदीत उतरली आणि बुडाली. काठावर मागे राहिलेल्यांनी त्याच दिवशी तिथल्या नावाड्याला झाडाला टांगलं. साम्राज्याकडून बक्षीस घेऊन त्याने तुकडीला खऱ्या उतारापासून दूर, खोल पाण्यात नेलं, असं पुढे ठरलं. सातवीच्या इतिहासात त्यावर 'उतारावरचा विश्वासघात' नावाचा धडा आहे. शाळेच्या संमेलनांत त्याचं नाटक होतं. झाडाखाली एक दगड आहे. त्यावर बुडालेल्यांची नावं आहेत आणि सगळ्यात खाली, नाव न देता, 'गद्दार' एवढाच शब्द कोरलेला आहे.

तो धडा विभागप्रमुखांनीच लिहिलेला आहे.

"आजोबांनी काढला म्हणजे काय?" बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"आमचा नकाशांचा छापखाना आहे," विद्यार्थिनी म्हणाली. "प्रत्येक नकाशात आम्ही एक खोटी खूण टाकतो. एखादी विहीर, एखादी पायवाट. कोणी आमचा नकाशा चोरून छापला तर ती खूणही त्याच्याकडे जाते आणि मग त्याला चोरी नाकारता येत नाही. घरात आम्ही त्याला खोडी म्हणतो. हा उतार म्हणजे आजोबांची पहिली खोडी."

"याची नोंद कुठे आहे?"

"कुठेच नाही. खोडी लिहून ठेवत नाहीत. बाहेर सांगतही नाहीत."

"तुम्ही तर सांगताय."

"हो."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे पुरावा काय, तर घरी जेवताना झालेल्या गप्पा."

"तुकडीच्या प्रमुखाचा नकाशा संग्रहालयात काचेखाली आहे, सर. हाताने नक्कल केलेला. त्यावर हा उतार आहे. साम्राज्याच्या फौजेच्या एकाही नकाशावर नाही. त्या काळात छापलेल्या एकाच नकाशावर तो होता, आमच्या. तुकडीने एका शाळेच्या भिंतीवरचा नकाशा उचलून ही नक्कल केली, हे तुमच्याच धड्यात आहे."

"नदी जागा बदलते, बाई. वाळू सरकते. तेव्हा तिथे गुडघाभर पाणी नसेल कशावरून? नावाड्याने बरोबर जागा टाळली नसेल कशावरून? तुमचे आजोबा आहेत का?"

"आहेत."

"मग आणा त्यांना. समितीसमोर उभं राहून म्हणू देत, हा उतार मी मनाने काढला. नाहीतर चौथं प्रकरण काढून टाका. पुढच्या बुधवारी समिती बसेल. ते प्रकरण ठेवून हा प्रबंध माझ्या विभागातून बाहेर जाणार नाही." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "माझ्या धड्यावर दोन पिढ्या मोठ्या झाल्या. तुमच्या छापखान्याने काय केलं ते आज कळलं."

बाहेर व्हरांड्यात तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिचा दंड धरला. "मी तुला किती वेळा म्हटलं होतं, चौथं प्रकरण परिशिष्टात टाक. परिशिष्ट कोणी वाचत नाही."

छापखाना घराच्या मागेच आहे, पत्र्याच्या लांब शेडमध्ये. एका टोकाला मशीन, मधे छापलेले कागद कापडावर चिकटवण्याची टेबलं, दुसऱ्या टोकाला नकाशांना लावायच्या लाकडी दांड्यांची चळत. वार्निशचा वास घरातल्या उशांनाही येतो. विद्यार्थिनीचे आईवडील नोकरीसाठी दुसरीकडे असतात. ती आत्याकडे वाढली आणि छापखाना आत्याच चालवते.

ती पोचायच्या आधी बातमी पोचली होती. विभागातल्या भिंतीवरचे नकाशे याच छापखान्यातून जातात आणि विभागाचा कारकून आत्याच्या ओळखीचा आहे.

"आलीस? बस," आत्या म्हणाली. हातातला वार्निशचा ब्रश तिने खाली ठेवला नाही. "घर आहे अजून, विकलेलं नाही."

"आत्या, ऐकून तर घे."

"कारकुनाकडून ऐकलं. नकाशेवाल्यांच्या मुलीने भर परीक्षेत सांगितलं की आमचे नकाशे खोटे आहेत. शनिवारी शाळांचा नवा नकाशा मशीनवर चढतोय आणि आज तुला खरं बोलायची लहर आली. तुला दुसरी क्रांती नाही सापडली? जगात काय कमी झाल्या?"

"एका माणसाला त्या दोन रेघांपायी फाशी दिली."

"तो मेला. आपण जिवंत आहोत. हा फरक शिकवत नाहीत का तुमच्या विभागात?"

 वळणावरचा उतार ही अण्णांची, म्हणजे आजोबांची, खोडी आहे हे आत्याला लहानपणापासून माहीत होतं. दुसऱ्या एका छापखान्याच्या नकाशात अण्णांनी त्याच उतारावर बोट ठेवलं आणि त्या छापखान्याचा मालक उठून दुकानाचं शटर ओढायला लागला, हा किस्सा घरात कित्येकदा सांगून झाला होता. नावाड्याचा धडाही तिने पाठ केला होता. ही दोन्ही वळणं एकच आहेत, हे मात्र तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. धड्यात नकाशा छापलेला नाही. विद्यार्थिनीचंही तसंच झालं असतं. संग्रहालयात काचेसमोर उभी असताना तिला घरातल्या दोन रेघा ओळखू आल्या, एवढाच फरक.

"अण्णांना विचारलंस?" आत्याने विचारलं.

"त्यांच्याकडेच चाललेय."

आजोबा शेडच्या खिडकीपाशी, उतरत्या टेबलासमोर बसले होते. त्यांचे पाय अधू झाले होते आणि वयामुळे त्यांनी चित्रकाम सोडलं होतं, पण जिच्यावरून छपाईची प्लेट बनते ती प्रत्येक फिल्म भिंगाखालून घालण्याचा हक्क सोडला नव्हता. नातीचं सगळं बोलणं त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"चोरलेल्या नकाशाची हमी मी घेत नसतो," ते म्हणाले.

"ते लढत होते, आजोबा. विकत घ्यायला वेळ नव्हता त्यांना."

"ज्याला आख्खा देश घ्यायचाय, त्याने नकाशा तरी स्वतःचा काढावा."

"समितीसमोर याल का? एवढंच म्हणायचं आहे, उतार तुम्ही मनाने काढला."

"खोडी बाहेर सांगत नाहीत."

"ते तिथे बुडाले हे तुम्हाला कधी कळलं?"

आजोबांनी भिंग टेबलावर उपडं घातलं. आत्या मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या ब्रशवरून वार्निश जमिनीवर टपकत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्याच आठवड्यात," आजोबा म्हणाले. "पेपरात जागा दिली होती."

"अण्णा," आत्या म्हणाली, "शाळेच्या नाटकात मी नावाड्याला पकडणाऱ्या शिपायाचं काम केलं होतं. दोरी मीच टाकली होती त्याच्या गळ्यात. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. टाळ्या वाजवल्यात."

"माझ्या मुलीचं काम होतं. वाजवायच्या नाहीत?"

"आणि नंतर? इतक्या आवृत्त्या निघाल्या, एकदाही तो उतार खोडावासा वाटला नाही?"

"खोडला असता तर का खोडला म्हणून कोणीतरी विचारलं असतं. आता पुरे. मला उजेड आहे तोवर काम करायचंय."

त्या आठवड्यात घरात तिघांची जेवणं तीन वेळांना झाली. आत्या विद्यार्थिनीशी फक्त कामापुरतं बोलत होती आणि आजोबांशी तेवढंही नाही. मंगळवारी मार्गदर्शक बाईंचा फोन आला: विभागप्रमुखांनी समितीत आणखी एका माणसाची भर घातली होती आणि तो माणूस हुतात्मा स्मारक मंडळाचा होता. "तू आजारी पड," बाई म्हणाल्या. "महिनाभर आजारी पड, तोवर मी बघते."

विद्यार्थिनीकडे एक पत्ता होता. तो मिळून वर्ष झालं होतं, जायचं धाडस झालं नव्हतं. आजोबा येणार नसतील तर दुसरा कोणी साक्षीला हवा, म्हणून गुरुवारी ती बसने दुसऱ्या शहरात गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. आत एक शिलाई मशीन, कपड्यांचे दोन ढीग आणि मशीनवर सत्तरीची एक बाई. ती पँटची शिवण उसवत होती. ही नावाड्याची मुलगी. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती.

विद्यार्थिनीने स्वतःची ओळख सांगितली, कशासाठी आली ते सांगितलं. बाईने हात थांबवला नाही.

"तुमचे वडील निर्दोष होते, हे मला सिद्ध करायचंय."

"कोणापुढे?"

"विद्यापीठापुढे. लोकांपुढे."

"लोकांना मी कपडे आल्टर करणारी बाई म्हणून माहीत आहे. तुम्ही उद्या त्यांना निर्दोष ठरवलंत की मी त्या गद्दाराची मुलगी होणार. मग ते निर्दोष होते की नव्हते यावर बाजारात वर्षभर गप्पा. कपडे दुसरीकडे."

"पण खरं काय ते तर…"

"माझा नातू यंदा सातवीत आहे. तो धडा मीच पाठ करून घेतला त्याच्याकडून. त्यावरच्या प्रश्नाला पूर्ण मार्क पडले त्याला."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्ही सांगणार नाही."

विद्यार्थिनीने कबूल केलं. मग तिने विचारलं, "त्या पहाटे ते तुकडीला काय म्हणाले, हे घरात कधी कोणी बोललं का?"

"आई एकदा म्हणायची, त्यांनी पाणी खोल आहे असं सांगितलं. एकदा म्हणायची, त्यांना बोलूच दिलं नाही. पैसे घेतले असतील असंही एकदा म्हणाली, चिडली होती तेव्हा. ती घाटावर नव्हतीच, तिला काय माहीत असणार." बाईने पँट झटकली. "नकाशा तुमच्याच आजोबांचा ना?"

"हो."

"मग त्यांना पाठवायचं. तुम्ही कशाला आलात? उठा आता, मागे गिऱ्हाईक उभं आहे."

परतीच्या बसमध्ये विद्यार्थिनीने चौथं प्रकरण मांडीवर घेतलं आणि त्यातून नावाड्याचं नाव, त्याचं गाव आणि त्याच्या कुटुंबाबद्दलचा सगळा मजकूर पेनने खोडला. उतार ठेवला. घरी आल्यावर तिने आजोबांच्या खोलीच्या दारातून एवढंच सांगितलं: "मी नावाड्याच्या मुलीकडे गेले होते. त्या म्हणाल्या, आजोबांना पाठवायचं, तुम्ही कशाला आलात."

आजोबा पलंगावर होते. "दार लावून घे," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी मशीन सुरू झालं. पहिले काही कागद रंग जुळवण्यासाठी काढतात आणि टाकून देतात. निळा जमला, तपकिरी जमला, काळा बसला. आत्याने जुळलेला पहिला कागद उचलून टेबलावर पसरला आणि सवयीने चारही कोपरे तपासले. मग, सवय नसताना, नदीच्या वळणाकडे पाहिलं.

तिने मशीन थांबवायला सांगितलं आणि विद्यार्थिनीला हाक मारली.

वळणावर नदीची निळी रेघ होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

"काळ्या रंगाच्या फिल्मवर खरवडलंय," आत्या म्हणाली. "प्लेटी काल दुपारी केल्या, त्याआधी ते एकटेच होते इथे. ब्लेड टेबलावर तसंच पडलंय, लपवायचेही कष्ट घेतले नाहीत."

"ही फिल्म समितीला दाखवली तर?"

"खरवडलेली फिल्म? ते म्हणतील, तूच खरवडलीस. उलट आता म्हणतील, तुमच्याच नकाशात उतार नाही, मग तक्रार कशाची." आत्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला. विद्यार्थिनीला वाटलं ती चिडली आहे. पण ती घाबरली होती. "तुझ्या लक्षात येत नाही का? एक खोडी पुसली की दुसरी टाकतात. खोडीशिवाय अण्णांनी आजवर एक कागद बाहेर जाऊ दिलेला नाही."

खिडकीपाशी आजोबा बसले होते. दोघी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नवी कुठे टाकलीत?" आत्याने विचारलं.

"उजेडात उभी राहू नकोस."

"अण्णा, विहीर आहे? पायवाट आहे? पूल असेल तर सांगा. पूल असेल तर मी हे जाळून टाकीन."

"खोडी सांगत नाहीत."

"मी मालक आहे इथली."

"मग मालकाने शोधावी."

"टाकली आहे की नाही, एवढं तरी बोला."

आजोबांनी भिंगाची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली. विद्यार्थिनी पुढे झाली. ती म्हणाली, "आजोबा, कोणाला वाटेल ही पायवाट आहे आणि तो चालू लागेल. तुम्हाला हे पुन्हा चालेल?"

"तुझ्या सरांना धडा लिहिताना कोणी विचारलं होतं हे?" ते म्हणाले. "दगडावर तो शब्द कोरणाऱ्याला विचारलं? जा, त्यांना विचार. सगळे माझ्याच टेबलापाशी येतात."

आत्याने मशीनचा खटका पाडला आणि कामगारांना घरी पाठवलं. मागच्या आवृत्तीचा एक नकाशा तिने भिंतीवरून उतरवला, नव्या कागदाशेजारी पसरला आणि खणातून दोन भिंगं काढली. एक विद्यार्थिनीकडे सरकवलं.

"नदीच्या पूर्वेकडचं तू बघ. आणि तोंड बंद. तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"पाण्याच्या खुणा आधी की रस्ते?"

"आधी जिथे माणूस जिवाला मुकेल ते."

दुपारी त्या जेवल्या नाहीत. पूर्वेकडचे रस्ते, घाट आणि विहिरी जुन्याशी जुळल्या. पश्चिमेकडच्या डोंगरात एक पायवाट आत्याला संशयास्पद वाटली, पण ती मागच्या आवृत्तीतही निघाली. आजोबा त्यांच्या पाठीमागे, खिडकीशीच होते. एकदा त्यांनी पाणी मागितलं. विद्यार्थिनीने नेऊन दिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमची ती समिती बसते कुठे? वरती की खाली?"

"दुसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट?"

"बंद असते."

त्यांनी पाणी संपवून भांडं परत दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत नव्या कागदावर जुन्यापेक्षा वेगळी अशी एकही खूण सापडलेली नव्हती. खोडी टाकलेलीच नाही की सापडली नाही, हे आत्यालाही सांगता येत नव्हतं. सोमवारी शाळांना पहिले नकाशे जायचे आहेत. मशीन बंद आहे. समिती बुधवारी अकराला बसणार आहे. आजोबांनी येतो असं म्हटलेलं नाही, येत नाही असंही नाही.